दिग्व्रत आणि दख्खनचे आकाश

पुण्याहून सिंहगडाच्या दिशेने जाताना खडकवासल्याच्या जलाशयापलीकडे, गर्द झाडीतून वर आलेला एक घुमट दिसतो. तो राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ‘सुदान ब्लॉक’चा घुमट. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीवर प्राण वेचलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेल्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली. १९५५ सालच्या जानेवारीत प्रबोधिनीचे विधिवत उद्घाटन झाले. रविवारी गडावर निघालेली कुटुंबे क्षणभर गाडी थांबवतात, मुलांना तो घुमट दाखवतात आणि पुढे जातात. पण एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात तो घर करून राहतो. काही वर्षांनी घरात जेवणाच्या वेळी एक वाक्य उच्चारले जाते, “मला वैमानिक व्हायचे आहे, हवाई दलात.”

जैन कुटुंबात या वाक्यानंतर थोडी शांतता पसरते. शेती, व्यापार, वैद्यकी, हिशेबनिशी, अध्यापन या वाटा ओळखीच्या आहेत. ही वाट तशी नाही. तेथे जेवणाचे काय, हा आईचा पहिला प्रश्न असतो. शस्त्र हाती घेणाऱ्याच्या अहिंसा अणुव्रताचे काय, हा आजोबांचा दुसरा. आणि मुलगा वा मुलगी पुन्हा या घरात राहायला येईल का, हा तिसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तोच सर्वांत जड असतो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वाटेवरच शोधावी लागतात. ती वाट खडकवासल्याहून दुंडिगल, हकीमपेठ आणि बीदरपर्यंत दख्खनच्या पठारावरून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आपल्या पूर्वजांच्या खुणा आहेत, हे निघणाऱ्याला आणि निरोप देणाऱ्यांना ठाऊक असलेले बरे.

निघण्यापूर्वी

हवाई दलाच्या उड्डाण शाखेची दारे मुख्यतः दोन. बारावीच्या टप्प्यावर प्रबोधिनीची परीक्षा आणि पदवीनंतर ‘एफकॅट’ किंवा संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसेल, तर ही दारे बंद होतात. म्हणून दहावीनंतरचा निर्णय विचारपूर्वक व्हावा. छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना अकरावी-बारावीबरोबर या परीक्षेसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे नाशिकला सुरू झाली आहे. प्रबोधिनीत मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळू लागला आणि १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये दीक्षान्त संचलनातून बाहेर पडली.

लेखी परीक्षेनंतर निवड मंडळासमोर काही दिवसांची कसोटी असते. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांची संगणकावर एक स्वतंत्र चाचणी होते. हात, पाय आणि डोळे एका वेळी वेगवेगळी कामे किती सहज करतात, हे तिच्यात पाहिले जाते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तेव्हा ‘सहज बसून पाहू’ म्हणून कोणी तिला सामोरे जाऊ नये. रात्रभर प्रवास करून, अपुऱ्या झोपेने तर नाहीच नाही. वैद्यकीय तपासणीचे निकष आधीच वाचून ठेवावेत. डोळ्यांचा नंबर घालवण्यासाठी कोणाच्या सल्ल्याने घाईघाईत शस्त्रक्रिया करून घेतली आणि तीच पुढे अपात्रतेचे कारण ठरली, तर ती चूक दुरुस्त करता येत नाही.

शरीराची तयारी प्रवेशपत्र येण्याची वाट पाहत थांबवू नये. रोजची धाव, दंडबैठका आणि विशेषतः पोहणे यांची सवय आधीच असावी. ज्याला पोहता येत नाही, त्याचे पहिले सत्र पाण्याच्या भीतीतच जाते. गावाकडच्या विहिरीत उड्या मारलेला मुलगा येथे शहरी मुलाच्या एक पाऊल पुढे असतो. नेण्याच्या वस्तूंची यादी संस्था स्वतः पाठवते. त्या यादीपलीकडे काही नेऊ नये. जपमाळ, एखादे छोटे पाठाचे पुस्तक आणि घरच्यांचे एक छायाचित्र पेटीच्या कोपऱ्यात सहज मावते. मूळ प्रमाणपत्रांच्या प्रती मात्र घरी वेगळ्या ठेवाव्यात, आणि बँकेच्या खात्यावरील व विम्यावरील वारसाची नोंद निघण्यापूर्वीच पूर्ण करावी. हा विषय काढणे अशुभ मानून अनेक घरे तो टाळतात, आणि त्याचा त्रास पुढे त्यांनाच होतो.

यम कोणते, नियम कोणते

आहाराचा प्रश्न निघण्यापूर्वी घरातच सोडवावा. सैनिकी भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते आणि शाकाहारी अधिकाऱ्यांची संख्या लहान नाही. पण कांदा, बटाटा, लसूण वर्ज्य करून वेगळा स्वयंपाक कोणी करील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. सूर्यास्तापूर्वीचे भोजन तर प्रशिक्षणाच्या दिनक्रमात क्वचितच जमते. सायंकाळी मैदानावरून परतून आंघोळ करून, गणवेश चढवून भोजनगृहात जाईपर्यंत दिवे लागलेले असतात.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाच्या त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मर्यादित काळासाठी घेतला जातो तो नियम, आणि आजीवन पाळला जातो तो यम. प्रशिक्षणाला निघणाऱ्याने हा भेद नीट समजून घ्यावा. मांस, मद्य आणि मध यांचा त्याग हा यम म्हणून निःसंकोच ठेवता येतो. अधिकाऱ्यांच्या मेजवानीत राष्ट्रपतींच्या नावे पेला उंचावायचा असतो, तेव्हा पाण्याचा पेलाही चालतो. न पिणाऱ्याला पहिल्या आठवड्यात चार थट्टेचे शब्द ऐकावे लागतील, पुढे त्याचाच आदर होतो. कंदमुळे, रात्रिभोजन, पर्वतिथीचे उपवास यांबाबत मात्र रजेच्या दिवसांपुरता, सुट्टीच्या वारापुरता किंवा चातुर्मासातील ठरावीक दिवसांपुरता नियम घ्यावा. निघताना भावनेच्या भरात आजीवन व्रत घेऊन तिसऱ्या आठवड्यात ते मोडणे, आणि मोडल्याची खंत मनात दाबून विमानात बसणे, हे धर्मालाही हितकारक नाही आणि उड्डाणालाही नाही. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या आधी ‘शक्तितः’ हा शब्द आला आहे, तो काही उगाच नाही.

अहिंसेचा प्रश्न याहून खोल आहे आणि तो एका बैठकीत सुटत नाही. आपल्या आचारशास्त्राने गृहस्थाच्या बाबतीत हिंसेचे चार प्रकार केले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा, म्हणजे हेतुपूर्वक केलेला जीवघात, श्रावकाने सर्वथा सोडायचा असतो. स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा देशाच्या रक्षणार्थ आक्रमकाला विरोध करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, असे शास्त्र मान्य करते. ती हिंसा नव्हे, असे मात्र शास्त्र म्हणत नाही. या दोन वाक्यांमधील अंतर सैनिकाने आयुष्यभर लक्षात ठेवायचे असते. पुराच्या पाण्यातून माणसे उचलणारे हेलिकॉप्टर आणि लक्ष्यावर मारा करणारे लढाऊ विमान एकाच दलाचे असते. त्यांपैकी आपल्या वाट्याला काय येईल, हे वैमानिक निवडू शकत नाही. घरच्यांनी ‘तू फक्त लोकांना वाचवण्याचेच काम कर’ असे सांगून त्याला निरोप देऊ नये. ते अर्धसत्य होईल, आणि त्याचा भार त्याला एकट्याला वाहावा लागेल.

दुंडिगल : आकाशाला कुंपण

हैदराबाद शहराची दाटी मागे पडली, की खडकाळ माळावर दुंडिगलची हवाई दल अकादमी लागते. १९७१ पासून ती येथे आहे. प्रबोधिनीत तीन वर्षे काढून आलेले आणि पदवीनंतर थेट निवड झालेले असे दोन्ही प्रकारचे प्रशिक्षणार्थी येथे एकत्र येतात. मोटर-ग्लायडरवर थोडी हवा खाल्लेल्या प्रबोधिनीच्या मुलांना प्रारंभी आपण पुढे आहोत असे वाटते. ते वाटणे फार दिवस टिकत नाही. पहिला टप्पा ‘पिलाटस पीसी-७ मार्क २’ या एका पंख्याच्या विमानावर होतो. २०१३ साली दलात आलेल्या या विमानात शिकणारा पुढे आणि शिकवणारा त्याच्या मागे बसतो. मागून येणारा आवाज सतत काही ना काही सुधारत असतो.

येथे काही गोष्टी प्रत्येकाने आधीच जाणून असाव्यात. पहिल्या काही उड्डाणांत मळमळणे अगदी सामान्य आहे. ते लपवू नये, प्रशिक्षकाला सांगावे. बहुतेकांचे शरीर सरावाने जुळते. सर्दी झाली असताना उडू नये, कारण वरून खाली येताना बंद नाकाकानांत दाब अडकतो आणि वेदना असह्य होऊ शकते. घरून आलेला काढा, चूर्ण किंवा गोळी दलाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. झोप आणणारा साधा घटकही हवेत घातक ठरतो. आणि उड्डाण जमिनीवरच शिकावे. खोलीतील खुर्चीत बसावे, डोळे मिटावेत आणि इंजिन सुरू करण्यापासून चाके टेकेपर्यंतची प्रत्येक कृती हातांनी व तोंडाने क्रमवार करावी. तपासणीची यादी स्तोत्रासारखी मुखोद्गत हवी. पण विमानात ती नजरेसमोर ठेवून, वाचूनच पार पाडायची असते.

प्रत्येक उड्डाणापूर्वी प्रशिक्षणार्थीला आकाशाचा एक तुकडा नेमून दिला जातो. त्याच्या सीमा खाली दिसणारा तलाव, रस्ता, लोहमार्ग यांनी ओळखायच्या. वर किती उंचीपर्यंत जायचे आणि खाली किती उंचीच्या आत यायचे नाही, तेही ठरलेले असते. शेजारच्या तुकड्यात दुसरा तितकाच नवखा प्रशिक्षणार्थी उलटसुलट होत असतो. सीमा ओलांडणे म्हणजे केवळ आज्ञाभंग नव्हे, दोन जिवांचा घात होऊ शकतो.

जैन घरात वाढलेल्याला ही कल्पना नवी वाटू नये. श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना आपल्या गमनाची मर्यादा घालून घ्यायची आणि तिच्या बाहेर जायचे नाही. त्या मर्यादेत रोजच्या गरजेनुसार आणखी लहान क्षेत्र ठरवणे, ते देशव्रत. विमानाच्या वेगाची आणि उंचीची कायमची मर्यादा एक, आणि आजच्या उड्डाणापुरते मिळालेले क्षेत्र दुसरे. शास्त्रकारांनी दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : वरची मर्यादा ओलांडणे, खालची ओलांडणे, आडव्या दिशांची ओलांडणे, लोभाने क्षेत्र वाढवून घेणे आणि ठरवलेली मर्यादा विसरणे. पायी आणि बैलगाडीने फिरणाऱ्या समाजासाठी लिहिताना त्यांनी ऊर्ध्व दिशेचाही विचार केला होता. पाचवा अतिचार, स्मृत्यंतराधान, वैमानिकाला सर्वांत जवळचा आहे. कसरतीच्या आनंदात आपण कोठे आहोत याचे भान सुटणे, हाच आकाशातील मोठा दोष. व्रताचा हेतू मर्यादेबाहेरची हिंसा आपल्या हातून घडू न देण्याचा असतो आणि नेमलेल्या क्षेत्राचा हेतूही याहून फारसा वेगळा नाही.

एके सकाळी प्रशिक्षक उतरतो, पट्टे बांधून रिकामी बैठक बंद करतो आणि प्रशिक्षणार्थीला एकट्याने धावपट्टीकडे पाठवतो. ते पहिले एकल उड्डाण काही मिनिटांचेच असते, पण कोणताही वैमानिक ते विसरत नाही.

काहींच्या वाट्याला मात्र ते येत नाही, किंवा आल्यानंतरही पुढच्या परीक्षण-उड्डाणांत त्यांची प्रगती अपुरी ठरते. अशांना उड्डाण प्रशिक्षणातून काढले जाते आणि दुसऱ्या शाखेत सेवेची संधी मिळू शकते. हे घडू शकते, हे घरच्यांनी पहिल्या दिवसापासून धरून चालावे. गावात फलक लावणे, सत्कार ठरवणे, नातलगांत ‘आमचा पायलट’ म्हणून मिरवणे दीक्षान्त संचलनापर्यंत थांबवावे. ज्याला अपयशाची बातमी दूरध्वनीवर घरी सांगायची आहे, त्याला गावाच्या फलकाचीही लाज वाटत असेल, तर तो बातमी लपवतो. आणि लपवण्याची ती सवय हवेत जिवावर बेतते. ‘तू सुखरूप आहेस ना, मग पुढचे पाहू,’ एवढे शब्द ज्या घरात सहज निघतात, त्या घरातला मुलगा अधिक निर्धास्तपणे उडतो.

दुंडिगलला एखाद्या रविवारी बाहेर जाण्याची परवानगी मिळाली, तर हैदराबादच्या बाजारपेठांखेरीज आणखी एक ठिकाण लक्षात ठेवावे. वरंगळच्या रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर आलेरजवळ कुलपाकजी हे प्राचीन तीर्थ आहे. तेथील भगवान आदिनाथांची मूर्ती माणिक्यदेव या नावाने पूजिली जाते. परेड, शिट्ट्या आणि इंजिनांचे आवाज महिनोन्‌महिने कानांत साठलेल्या तरुणाला त्या गाभाऱ्यातील शांतता औषधासारखी लाभते.

वाटा फुटतात

पहिल्या टप्प्यानंतर वाटा वेगळ्या होतात. लढाऊ विमानांसाठी निवडलेले सिकंदराबादजवळच्या हकीमपेठला जातात. तेथे अनेक वर्षे देशी बनावटीच्या ‘किरण’ जेटवर वैमानिक घडले. हेलिकॉप्टरचे शिक्षणही हकीमपेठलाच मिळते. मालवाहू विमानांची वाट बंगळुरूजवळच्या येलहंक्याला जाते. ज्याला लढाऊ विमान हवे होते आणि हेलिकॉप्टर मिळाले, तो पहिले काही दिवस खिन्न असतो. पण डोंगराच्या घळीत अडकलेल्या गावाला हवे असते ते हेलिकॉप्टरच, हे पुढे कामावर गेल्यावर त्याला उमगते.

सैन्यदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक मात्र महाराष्ट्रातच घडतात. नाशिकच्या गांधीनगर विमानतळावर २००३ पासून त्यांची प्रशिक्षण शाळा आहे. सात बलभद्रांची आणि कोट्यवधी मुनींची मोक्षभूमी मानले जाणारे म्हसरूळचे गजपंथ सिद्धक्षेत्र तेथून जवळच आहे. नाशिकच्या श्रावकांनी अशा एखाद्या प्रशिक्षणार्थीला महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलावले, तर त्या कुटुंबाला अतिथिसंविभागाचे पुण्य आणि त्या मुलाला आईच्या हातची आठवण, दोन्ही लाभतील. हैदराबाद, बंगळुरू, बीदर येथील समाजबंधूंनाही हेच सांगता येईल.

बीदर : वजन आणि उपवास

हैदराबादहून वायव्येला जाणारा रस्ता तांबड्या जांभ्याच्या पठारावर चढतो, तेव्हा बीदर आले असे समजावे. बहामनी राजधानीचा भव्य किल्ला, १४७२ सालची महमूद गवानची मदरसा, काळ्या धातूवर चांदीची नक्षी उमटवणारे बिदरी कारागीर, नानक झिरा गुरुद्वारातील झरा हे सारे एका लहानशा शहरात सामावले आहे. लातूर-नांदेडची सीमा जवळ असल्याने बाजारात मराठी सहज ऐकू येते. घरापासून दूर आलेल्या मुलाला भाजीवालीने मराठीत विचारलेला भावही सुखावतो. येथील हवाई तळावर २००८ पासून ‘हॉक’ या जेट विमानावर लढाऊ वैमानिकांचे अखेरचे शिक्षण दिले जाते. देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांनी जून २०१६ मध्ये दुंडिगलला अधिकारपद स्वीकारले आणि त्यानंतर बीदरलाच ‘हॉक’चे शिक्षण घेतले.

जेट विमान वेगाने वळते तेव्हा शरीराचे वजन अनेक पटींनी वाढल्यासारखे होते. पाचपट भार आला, तर डोके पाचपट जड होते, रक्त पायांकडे उतरू लागते, दृष्टीच्या कडा करड्या होतात आणि पुढच्या काही क्षणांत शुद्ध हरपू शकते. पायांना व पोटाला आवळणारा विशेष पोशाख आणि स्नायू ताणून श्वास रोखण्याचे तंत्र यांनी हा भार पेलता येतो. मात्र पोटात अन्न नसेल, शरीरात पाणी कमी असेल किंवा झोप अपुरी असेल, तर ही सहनशक्ती घटते.

म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. उपवास करून कोणीही विमानात बसू नये. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात, अनंत चतुर्दशीला, आपल्या मुलाने उपवास करावा अशी घरच्यांची इच्छा असते. आणि मुलगाही कोणाला न सांगता तो करून टाकतो. ही निष्ठा आदरणीय असली, तरी तिचे परिणाम त्याच्या एकट्यापुरते राहत नाहीत. मागे बसलेला प्रशिक्षक, शेजारून उडणारा सहकारी आणि खालच्या शेतात कापूस वेचणारी बाई यांचा जीव त्याच्या शुद्धीवर असतो. व्रत करायचेच असेल, तर रजेत करावे, किंवा उड्डाण नसलेल्या दिवशी डॉक्टरांना सांगून करावे. पर्वाच्या दिवशी उड्डाण असेल, तर पोटभर न्याहारी करून, भरपूर पाणी पिऊन जावे. त्या दिवशीचा स्वाध्याय, सामायिक आणि संध्याकाळचे क्षमायाचनेचे चार दूरध्वनी हेच त्याचे तप. आईने त्या दिवशी ‘उपवास केलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘जेवलास ना?’ असे विचारावे.

अहिंसेची आणखी एक लहानशी गोष्ट तळाच्या कुंपणाबाहेरची आहे. धावपट्टीच्या आसपास उघड्यावर कचरा आणि मांसाचे अवशेष पडले, की घारी घिरट्या घालू लागतात. पक्षी इंजिनात ओढला गेला, तर पक्षी जातो आणि विमान व वैमानिकही संकटात येतात. विमानतळाजवळच्या वस्त्यांत स्वच्छतेसाठी झटणारा श्रावक नकळत दोन्ही जिवांचे रक्षण करतो.

बीदरहून कलबुर्गी आणि तेथून सेडमच्या वाटेला लागले, की कागिणा नदीकाठी मळखेड येते. आज लहान असलेले हे गाव एकेकाळी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होते. नवव्या शतकात सम्राट अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी येथे महापुराणाची रचना आरंभली आणि त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी ती पूर्ण केली. त्याच राजाच्या आश्रयाने महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याचा अखेरचा अध्याय सावलीच्या मापनाचा आहे. येथील जुन्या नेमिनाथ बसदीत उभे राहणाऱ्या तरुण वैमानिकाला आपल्या मार्गनिर्धारणाच्या पाठांतील एक हिशेब आठवेल. दिशा एका अंशाने चुकली, तर ६० मैलांत विमान सुमारे एक मैल बाजूला जाते. चूक लहान असतानाच सुधारावी, हे त्या गणिताचे सार आहे, आणि प्रतिक्रमणाचेही.

पेटीत काय ठेवावे

प्रशिक्षण संपले, की बदल्यांचे आयुष्य सुरू होते. दोन-तीन वर्षे जोधपूर, मग तेजपूर, मग अंबाला. प्रत्येक वेळी नवे शहर, नवे हवामान आणि विवाहितांसाठी घर मिळेपर्यंतची प्रतीक्षायादी. या आयुष्याचे काही साधे नियम जुने अधिकारी नव्यांना सांगत आले आहेत. सामान लाकडी किंवा लोखंडी पेट्यांत भरावे. प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा आणि आत काय आहे याची यादी वेगळ्या वहीत ठेवावी. स्वयंपाकाची मोजकी भांडी, दोन दिवसांचा शिधा आणि अंथरूण ज्या पेटीत आहे ती शेवटी चढवावी, म्हणजे ती प्रथम उतरते. महत्त्वाची कागदपत्रे ट्रकमध्ये कधीही देऊ नयेत. मुलांना केंद्रीय विद्यालयात घातले, तर बदलीच्या ठिकाणी पुन्हा प्रवेश मिळणे आणि अभ्यासक्रम जुळणे सोपे जाते. तेथे मराठी नसते. ती घरात बोलून, वाचून टिकवावी लागते. जोडीदाराच्या नोकरीचा विचार लग्नापूर्वीच मोकळेपणाने व्हावा, कारण दर तीन वर्षांनी ती नोकरी सुटण्याचा प्रसंग येतो.

पहिल्या पगारात मोठी मोटरसायकल घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आकाशात इतकी शिस्त पाळणारे तरुण सुट्टीच्या रात्री महामार्गावर ती विसरतात. रात्रीचा लांबचा प्रवास दुचाकीने करू नये, ही सूचना साधी आहे आणि तीच वारंवार द्यावी लागते.

प्रत्येक बदलीच्या वेळी एक गोष्ट ध्यानात येते. मागच्या दोन बदल्यांत जी पेटी उघडलीच नाही, तिच्यातील वस्तूंची गरज नव्हती. परिग्रहपरिमाण हे अणुव्रत घरात बसून समजायला कठीण जाते. ट्रकमध्ये जागा उरत नाही तेव्हा ते लवकर समजते. चातुर्मास सोडून सतत विहार करणाऱ्या साधूंशी गृहस्थाची बरोबरी होऊ शकत नाही. तरी गाव सोडताना मागे वळून किती पाहावे आणि सोबत किती न्यावे, हे त्यांच्याकडून शिकता येते.

आणि जेथे बदली होईल तेथे मंदिर शोधावे. ते बहुधा सापडतेच. जैसलमेरच्या किल्ल्यात जिनमंदिरांचा समूह आणि ग्रंथभांडार आहे. जोधपूरहून ओसियां गाठता येते. ग्वाल्हेरच्या कड्यात गोपाचलच्या विशाल मूर्ती आहेत. उड्डाण-प्रशिक्षक होण्यासाठी चेन्नईजवळच्या तांबरमला गेलेल्याला कांचीपुरमची जिनकांची फार दूर नाही. तेथील स्थानिक श्रावकांशी झालेली ओळख पुढे आजारपणात, बाळंतपणात आणि एकटेपणात उपयोगी पडते.

विंध्यगिरीच्या पायऱ्या

बंगळुरूला हवाई दलाची वैमानिकीय वैद्यक संस्था आहे. मोठ्या फिरत्या यंत्रात बसवून वाढीव भाराची आणि बंद कक्षात विरळ हवेची ओळख वैमानिकांना तेथे करून दिली जाते. प्राणवायू कमी झाला, की माणसाला अकारण आनंद वाटू लागतो आणि आपले सर्व ठीक चालले आहे असा भास होतो. त्या भासाला ओळखण्याचे शिक्षण तेथे मिळते. ते आटोपून एक दिवस हाती असेल, तर श्रवणबेळगोळला जावे.

विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढल्यावर भगवान बाहुबलींचे दर्शन होते. इ. स. ९८१ च्या सुमारास ही मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय गंग राजांचा सेनापती होता. ‘समरधुरंधर’ ही त्याची एक पदवी. रणांगणावरून परतून तो आचार्य नेमिचंद्रांच्या चरणांशी बसत असे. मूर्तीच्या पायथ्याशी त्याचे नाव कोरलेले आहे, आणि ते मराठीतही आहे. मराठीच्या अतिशय जुन्या लेखांत त्याची गणना होते. शस्त्र हाती घेतलेल्या श्रावकाचा प्रश्न आजच्या एखाद्या घरात प्रथमच उठलेला नाही, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

ज्यांची ती मूर्ती, त्यांची कथा तर याच प्रश्नाची आहे. भरताने दिग्विजय केला, सर्व दिशा जिंकल्या आणि शेवटी भावाचे राज्य तेवढे उरले. दोन्ही सैन्ये समोरासमोर आली, तेव्हा मंत्र्यांनी हजारोंचे रक्त वाचवण्यासाठी दोघा भावांनीच लढावे असे सुचवले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध या तिन्हींत बाहुबली जिंकले. जिंकल्यानंतर त्यांनी राज्य सोडले आणि ते एका जागी उभे राहिले, वेली अंगावर चढेपर्यंत. सर्व दिशांना जाऊ शकणारे सामर्थ्य हाती असताना स्वतःहून घातलेली मर्यादा ती हीच.

तरुण वैमानिक काही वेळ तेथे बसतो. मग पायऱ्या उतरतो, खाली ठेवलेले बूट घालतो आणि घड्याळ पाहतो. सायंकाळपर्यंत बंगळुरूला पोहोचायचे असते, रात्रीच्या गाडीने बीदरला. उद्या सकाळच्या उड्डाणाच्या यादीत त्याचे नाव नाही, परवाच्या यादीत आहे. वाटेत तो घरी दूरध्वनी करतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, “जेवलास ना?”